गढूळपणा आधी, क्लोरीन नंतर

पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण म्हणजे त्यात क्लोरीन मिसळणे, एवढेच म्हणणे अपुरे आहे. पाणी गढूळ असेल तर जंतू मातीच्या कणांआड दडून राहतात आणि बराचसा क्लोरीन पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांवरच खर्ची पडतो; म्हणून आधी तुरटी घालून पाणी वेगाने घुसळतात, मग इतके संथपणे ढवळतात की एरवी दिवसेंदिवस तरंगत राहणारे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचे कापसासारखे पुंजके बनतात व तळाशी बसतात. गढूळ पाण्याच्या काचेच्या पेल्यात तुरटी फिरवून थोडा वेळ थांबल्यास हे पुंजके डोळ्यांनी दिसतात. उरलेले बहुतेक कण वाळूच्या थरांत अडकतात.

क्लोरीनची पाळी त्यानंतर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पाण्याशी त्याचा किमान ३० मिनिटे संपर्क राहावा आणि नळाशी पोहोचतानाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. त्याचा वास अनेकांना खटकतो, हे मान्य. परंतु जलवाहिनीला गळती असताना आतला दाब कमी झाला, की बाहेरचे दूषित पाणी आत ओढले जाऊ शकते, आणि त्या वेळी जंतूंना रोखायला हाच शिल्लक अंश हाताशी असतो.