थंडीत स्कूटर चालवताना बोटं बधिर होतात, मदत हवी आहे

पहाटे स्कूटरवरून कामाला जावं लागतं. ब्रेकवर ठेवलेली दोन बोटं पार बधिर होतात, ब्रेक किती दाबला गेला तेच कळत नाही. लोकरीच्या हातमोज्यांतून वारा सरळ आत शिरतो. जाड चामड्याचे घातले तर इंडिकेटरचं बटण सापडत नाही, शिवाय घट्ट असल्याने गारठा उलट जास्तच वाटतो.

हँडलला लावायचे मफ, म्हणजे हात आत घालायची जाड कापडी कव्हरं, कोणी वापरलीत का? लिव्हरमध्ये कापड अडकत नाही ना? हीटेड ग्रिपने (बॅटरीवर तापणारी हँडलची मूठ) तळवा तापेल, पण बोटांवर समोरून वारा लागणारच की! आणि छोट्या स्कूटरच्या बॅटरीला तो भार झेपेल का? हातमोज्यांच्या आत प्लॅस्टिकची पिशवी कृपया सुचवू नका, घामाने हात आणखी गार पडतात.