पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचं संशोधन नुसत्या सिम्युलेशनवर पास करावं का?

फेजशिफ्ट :
मागच्या महिन्यात एका कॉलेजात एम.टेक.चा बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. मुलाने ३.५ गिगाहर्ट्झचा डोहर्टी अ‍ॅम्प्लिफायर दाखवला, ग्राफ एकदम सुरेख, बोर्ड कुठंय विचारलं तर म्हणे सर, बनवला नाही. माझं स्पष्ट मत आहे, पीएच्या (पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या) कामात मोजमाप नसेल तर डिग्री देऊ नये. या फ्रिक्वेन्सीला बोर्डवरची वेव्हलेंग्थ जेमतेम ५ सेंमी असते, म्हणजे ट्रॅक १ मिमी इकडेतिकडे झाला की ७ अंश फेज गेली. आणि डोहर्टीचं सगळं फेजवरच चालतं. क्लास बी प्रकारचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण पॉवरला थिअरीत ७८.५ टक्के एफिशियन्सी देतो पण पॉवर पाव झाली की ती निम्मी, ३९ वर येते, आणि ५जीचा सिग्नल बहुतेक वेळ पीकच्या बराच खाली असतो, उरलेल्या पॉवरची टॉवरवर नुसती उष्णता होते. १९३६ साली बेल लॅब्जच्या डोहर्टींनी यावर तोड काढली, तेव्हा व्हॅक्यूम ट्यूबवर; आता मेन ट्रान्झिस्टर कायम चालू आणि दुसरा फक्त जोर लागेल तेव्हा जागा होऊन पहिल्याचा लोड बदलतो. तो नेमका कधी जागा होतो हे बोर्डवरच कळतं.

सावली :
असहमत. मी जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवते. आमच्याकडे एकच नेटवर्क अ‍ॅनालायझर, म्हणजे सर्किटचा फ्रिक्वेन्सीनुसार प्रतिसाद मोजणारं यंत्र, तोही ३ गिगाहर्ट्झपर्यंत. लोड-पुलचा (लोड बदलत ट्रान्झिस्टर मोजण्याचा) सेटअप म्हणजे विभागाच्या अख्ख्या वर्षाच्या बजेटबाहेरची गोष्ट. गॅनचा (गॅलियम नायट्राइडचा) ट्रान्झिस्टर बाहेरून मागवायचा, तीन कोटेशनं, खरेदी समिती, तो येईपर्यंत सेमिस्टर संपतं आणि पोराने पहिल्याच दिवशी जाळला की झालं. तुमच्या नियमाने आमच्या मुलांनी हा विषयच घ्यायचा नाही का? कागदावरच्या विचारालाही किंमत असते हो. २००९ मध्ये कार्डिफ युनिव्हर्सिटीच्या क्रिप्स आणि मंडळींनी क्लास बी ते क्लास जे या अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रकारांमधली सलग वाट मांडली, ती वेव्हफॉर्मच्या गणितातूनच.

गेटबायस :
सावलीताई, तुमची अडचण खरी आहे, पण तुम्ही कार्डिफच्या लोकांचंच उदाहरण घेतलंत. त्या ग्रुपची ओळखच ट्रान्झिस्टरच्या पायावरचा व्होल्टेज आणि करंट प्रत्यक्ष मोजण्याची आहे, गणित त्याच्या सोबतीने आलं.

माझ्या पहिल्या बोर्डचं सांगते. १० वॅटचा गॅन, गेटला (ट्रान्झिस्टरच्या कंट्रोलच्या पायाला) आधी निगेटिव्ह व्होल्टेज द्यायचं मग ड्रेनला (पॉवरच्या पायाला) २८ व्होल्ट, बंद करताना उलटं, हे मी हातावर पेनने लिहून ठेवलं होतं. तेवढं जमलं, पण इनपुट काहीच दिलेलं नसताना स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर २०० मेगाहर्ट्झच्या आसपास ठसठशीत टोक उभं, म्हणजे बोर्ड स्वतःच ऑसिलेट होत होता. गेटला व्होल्टेज देणाऱ्या बायस लाइनजवळ बोट नेलं की ते सरकायचं. दोन दिवस त्यात गेले. शेवटी तिथे छोटा रेझिस्टर टाकला आणि टोक गेलं. सिम्युलेशन मी ३ ते ४ गिगाहर्ट्झ एवढंच चालवलं होतं, खाली बघायचं सुचलंच नव्हतं.

फेजशिफ्ट :
+१, नेमकं हेच. आणि त्या मुलाला ही दोन दिवसांची शिकवणी मिळालीच नाही याचं मला वाईट वाटतं, मार्क कापायला मी गेलो नव्हतो.

सावली :
सर, मग परीक्षकांनी युनिव्हर्सिटीला लिहावं की आधी यंत्रं द्या. सोसतात ती मुलं. ज्याने सिम्युलेशन प्रामाणिकपणे केलं, काय मोजलं नाही तेही लिहिलं, त्याला मी पास करणारच.

गेटबायस :
ताई, ३.५ चा हट्ट सोडा ना. ४३३ मेगाहर्ट्झ घ्या, साध्या एफआर-४ बोर्डवर. तिथे १ मिमीला जेमतेम १ अंश जातो, स्वस्तातला एलडीमॉस (सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर) चालतो आणि तुमचा अ‍ॅनालायझर दुसऱ्या-तिसऱ्या हार्मोनिकपर्यंतही (दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीपर्यंत) पोचेल. डोहर्टीला लागणारं पाव वेव्हलेंग्थचं काम ट्रॅकऐवजी कॉइल-कपॅसिटरने करता येतं. लोड-पुल नाही तर मुलांना कॉपर टेपचे तुकडे सरकवून ट्यून करू द्या, आम्हीही तेच केलं.

सावली :
माझं मत तेच आहे, पण हे करून बघण्यासारखं वाटतंय. १० वॅटला अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) केवढा मागवू? इंडेंट (खरेदीची मागणी) सोमवारी टाकायचाय.

गेटबायस :
३० डीबी, २५ वॅटचा. पुढे १० मिलिवॅटच पोचेल, अ‍ॅनालायझर सुरक्षित. आणि त्याच इंडेंटमध्ये ट्रान्झिस्टर एकाऐवजी चार लिहा.