मदत हवी आहे: आजोबांच्या जुन्या होडीचा इतिहास कसा शोधायचा?

मंडळी, सिंधुदुर्गातल्या देवबागला आमच्या मांगरात (सामानाच्या खोपीत) एक जुनी होडी पडून आहे. तळ एकाच ओंडक्यातून कोरलेला, वरच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या, खिळा एकही नाही. लांबी साधारण १८ फूट, उलांडी (तोल राखायला बाजूला बांधतात ते लाकूड) कधीच गेली. आजोबा ती कर्ली खाडीत वापरायचे, पण त्यांनी बांधून घेतली की कुणाकडून विकत घेतली हे घरात कुणालाच नक्की माहीत नाही (तीन काका, तीन गोष्टी!).

आतल्या बाजूला नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, कोरलेला एक आकडा आहे, ४१७ वाटतो, मधला १ पुसट आहे. कोळशाने घासून कागदावर ठसा घेतला, फोटोही काढलेत. गावातल्या दोन म्हाताऱ्या खलाशांना दाखवली, लाकूड एक म्हणाला आंब्याचं, दुसरा म्हणाला उंडीणीचं. बंदर खात्यात विचारलं तर मेरीटाईम बोर्ड १९९६ चं, त्याआधीचं इथे काही नाही म्हणाले. सिंधुदुर्ग जिल्हाच रत्नागिरीतून वेगळा १९८१ ला झाला, म्हणजे जुनं दफ्तर रत्नागिरीला असेल असा माझा अंदाज.

विकायची नाहीये, पॉलिशही मारायचं नाहीये, त्यामुळे ते सल्ले नकोत. लाकूड ओळखायला देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत नमुना पाठवता येतो हे माहितीये, पण काडेपेटीएवढ्यापेक्षा मोठा तुकडा मी कापणार नाही, तेवढा पुरतो का?

आणि मुख्य म्हणजे, बिनशिडाच्या छोट्या होड्यांवर असे नंबर पूर्वी कोण घालायचं, बंदरवाले की बांधणारा सुतार? रत्नागिरीत नेमकं कुठलं रजिस्टर मागू?