‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या वस्तू: ठेवाव्यात की काढाव्यात?

रिकामा_कप्पा
परवा टेबलाचा खालचा कप्पा उपसला. ११ चार्जर निघाले, एकमेकांत गुंतलेले. त्यातल्या सातांचे फोन घरात नाहीतच. दोन नक्की कशाचे, हे कुणालाच आठवेना. तरी टाकताना हात अडखळला. मिनिमलिझमवाल्यांचा, म्हणजे कमीत कमी वस्तूंत राहणाऱ्यांचा, एक नियम आहे: गेल्या ९० दिवसांत वापरली नाही आणि पुढच्या ९० दिवसांत वापरणार नसाल, तर वस्तू जाऊ द्या. तो लावला आणि दोन पोती भरली. माझ्या मते न वापरलेली वस्तू नुसती पडून नसते. ती जागा अडवते, धूळ खाते आणि दिसली की ‘हिचं काहीतरी करायला हवं’ म्हणून टोचत राहते.

खिळेमोळे
साफ असहमत. ९० दिवसांच्या हिशेबात रेनकोट कसा बसवायचा? स्वेटर? नियम करणाऱ्याच्या गावी एकच ऋतू असावा. माझ्याकडे सुटे स्क्रू, वायसर, बिजागऱ्यांचा पत्र्याचा डबा आहे. १४ वर्षं माळ्यावर होता. मागच्या महिन्यात नळ गळायला लागला. दुकानदार म्हणाला, या मापाचा वायसर येत नाही, अख्खा नळ बदला. डब्यात सापडला! लागलं तर पुन्हा घेऊ, हे ज्याला परवडतं त्यानेच ‘जाऊ द्या’ म्हणावं.

रिकामा_कप्पा
ऋतूंचं मान्य, ९० ऐवजी ३६५ धरा. पण १४ वर्षांत एक वायसर? बाकी डबाभर लोखंड कशाची वाट बघतंय?

कुंपणावरचा
यावर प्रयोग झालेत. आपली म्हटली की वस्तू महाग वाटायला लागते, याला अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये ‘एन्डाउमेंट इफेक्ट’ म्हटलं. पुढे कानमन, क्नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये छापलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले. ज्यांना मग मिळाले त्यांनी विकायला सांगितलेली किंमत, न मिळालेले द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. तो मग हातात येऊन फार वेळही झाला नव्हता. १४ वर्षांच्या डब्याचं काय सांगावं!

खिळेमोळे
मी डबा विकायला काढलेला नाही, वापरायला ठेवलाय. तुमच्या प्रयोगात नळ कुणाचाच गळत नव्हता.

उरलंसुरलं
वस्तू ठेवा नाहीतर काढा, पण ती दोन पोती गेली कुठे? मी दोन वर्षं वापरलेल्या वस्तू गोळा करणाऱ्या गटात होते. एकाच पायाचा बूट, चेन तुटलेली बॅग, बाही उसवलेले शर्ट, सगळं ‘गरजूंना उपयोगी पडेल’ म्हणून. निम्मं आम्हीच कचऱ्यात टाकायचो. म्हणजे कपाट त्यांचं रिकामं, निवडायचं काम आमचं. आणि कप्प्यात जुना फोन असेल तर घरच्या कचऱ्यात टाकू नका. लिथियम बॅटरी कचरागाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

रिकामा_कप्पा
पोती अजून दाराशीच आहेत. आत्ता उघडली. एक फोन खरंच फुगलाय, झाकण वर आलंय, वेगळा काढला. कपड्यांतले निम्मेसुद्धा देण्यासारखे नाहीत, बटणंच नाहीत. चार्जर मात्र नक्की जाणार.

खिळेमोळे
थांबा. त्यात जाड गोल पिनचा आहे का एखादा?