कझाकस्तान : ‘नूर ओतान’चा ‘अमानत’ झाल्याने काय बदलले?

प्रश्न : कझाकस्तानातील सत्ताधारी ‘नूर ओतान’ पक्षाने २०२२ मध्ये ‘अमानत’ हे नाव धारण केले. ही केवळ पाटी बदलणे होते की सत्तेची रचनाही बदलली, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ : १९९९ मध्ये ‘ओतान’ म्हणून स्थापन झालेला हा पक्ष तत्कालीन राष्ट्राध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव यांच्याभोवतीच उभा राहिला. २००६ मध्ये त्यांच्या कन्या दारिगा यांचा ‘असार’ पक्ष त्यात विलीन झाला आणि पुढच्याच वर्षी मजलिसच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) पक्षयादीतून, म्हणजे उमेदवाराऐवजी पक्षाला मिळालेल्या मतांवरून, भरायच्या सर्व ९८ जागा त्याने जिंकल्या, म्हणजे विरोधी बाक उरलेच नाहीत.

प्रतिसाद २ : जानेवारी २०२२ मधील रक्तरंजित आंदोलनानंतर नझरबायेव यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी पक्षाचे अध्यक्षपद हाती घेतले, नाव बदलले आणि राष्ट्राध्यक्षाने पक्षनिरपेक्ष असावे, या भूमिकेतून एप्रिलमध्ये पक्ष सोडलाही. (‘अमानत’ हा शब्द आपल्याही ओळखीचा, विश्वासाने सोपवलेली ठेव; ती कोणाची, हा प्रश्न मात्र नावात सुटत नाही.) मार्च २०२३ मध्ये एकसदस्यीय मतदारसंघ परत आले, तरी ९८ पैकी ६२ जागा याच पक्षाकडे राहिल्या.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. म्हणजे बहुमत आटले, पण पकड सुटली नाही.

प्रतिसाद २ : होय; शिवाय सभागृहात आलेले इतर बहुतेक पक्षही सरकारला अनुकूलच होते.