टार्झन मान वर काढून पोहे, मंग पोट्ट्याले डोकं पान्यात काहून घालाले लावते?

वावरातला_गडी:
राम राम मंडळी. घरात दोन महिन्यापासून एकच भांडण चालू हाय म्हणून इथं टाकून रायलो. भाचा नववीत हाय, आमच्या वावरातल्या इहिरीत पोहाले शिकला, पाठीले तेलाचा रिकामा डबा बांधून, जसे आपल्याइकडचे सगळे शिकते तसा. यंदा शाळेतल्या सरनं जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव देल्लं, तर आता दर रविवारी एसटीनं शहरात टँकवर जाते. तिथचे कोच म्हणते डोकं पान्यात ठेव, तळाच्या फरशीकडं नजर ठेव, श्वास घ्याचा तेवढ्यापुरती मान बाजूले कर. आन आमचे आबा, वय ८४, खाटेवर बसून म्हणते "हे कोणतं पोहणं बे, मेलेल्या म्हशीवानी. टार्झन पाय, छाती वर, मान वर, मगरीच्या मांगं कसा जाये." आबानं तो पिच्चर पोरगा असताना जत्रेत तंबूच्या टॉकीजमधी पायला होता, इंग्रजी होता पण समजाले काई अडचण नाई म्हणते, बोलणं कमी आन वरडणंच जास्त. त्याइचं असं बी म्हणणं हाय का तो हिरो खराखुरा ऑलिम्पिकवाला होता, कोणं नकली नव्हता. आता भाचा हुशार, इहिरीत आबाचं ऐकते आन टँकवर कोचचं, त्यानं दोन्हीकडचं बिघडून रायलं, ५० मीटरले ४१ सेकंद लागले मांगच्या टायमाले. तर दोन गोष्टी सांगा. एक, तो हिरो खरंच चॅम्पियन होता का आबा फेकून रायले? दोन, मान वर का खाली?

जुना_पिच्चरवाला:
आबांना माझा नमस्कार सांगा, अजिबात फेकत नाहीयेत. त्याचं नाव जॉनी वाइसमुलर. साधासुधा चॅम्पियन पण नाही, १९२४ पॅरिस आणि १९२८ अॅमस्टरडॅम अशा दोन ऑलिम्पिकची मिळून पाच सुवर्णपदकं, आणि पॅरिसला वॉटर पोलोचं कांस्य वेगळं. १०० मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारा जगातला पहिला माणूस हाच, जुलै १९२२, ५८.६ सेकंद. त्याच्या आधीचा रेकॉर्ड हवाईच्या ड्यूक कहानामोकूचा होता, ६०.४. पॅरिसच्या फायनलला हे दोघं समोरासमोर आले, जॉनी ५९.० मध्ये पहिला, ड्यूक दुसरा, आणि तिसरा कोण तर ड्यूकचाच सख्खा भाऊ सॅम. ड्यूक तेव्हा तेहतीस वर्षांचा होता हे पण लक्षात घ्या, आधी १९१२ आणि १९२० ला त्यानंच ही रेस मारली होती.
टार्झन म्हणून सिनेमात आला १९३२ मध्ये. त्याआधी पोहण्याच्या कपड्यांच्या जाहिरातीत काम करायचा, अॅक्टिंगचा गंध नव्हता, आणि खरं सांगायचं तर शेवटपर्यंत फार आला पण नाही, पण त्या रोलला डायलॉग कमी आणि शरीर जास्त लागत होतं, दोन्ही जुळलं. १९४८ पर्यंत बारा वेळा टार्झन झाला. मग अंगाने भरला तसा शर्टपँट घालून 'जंगल जिम' नावाचा दुसरा हिरो झाला, ते पिक्चर मात्र मला सहन होत नाहीत.
एक गंमत सांगतो. जन्म त्याचा आत्ताच्या रोमानियातला, लहान असतानाच आईबापासोबत अमेरिकेत आला. पण अमेरिकेच्या टीममध्ये घुसायचं म्हणून जन्मगाव म्हणून धाकट्या भावाचं अमेरिकेतलं गाव लावलं. आपल्याकडे शालेय स्पर्धेत जन्मतारखेचे दाखले कसे फिरतात ते बघता मला हे वाचून फार आपलं वाटलं होतं :)

बोंडअळी:
आमच्यासाठी टार्झन म्हंजे दारासिंग. विषय संपला.

जुना_पिच्चरवाला:
दारासिंग कुस्तीवाले भाऊ, इथं पोहण्याचं चाललंय. आणि तो हिंदी टार्झनवाला हेमंत बिर्जे आता कोणी काढू नका.

पाणबुडी_७७:
मी कॉलेजात असताना विद्यापीठाकडून पोहायचो, आता पोट सुटलं पण मुद्दा सांगू शकतो. कोच बरोबर आहेत. डोकं वर काढलं की कंबर आणि पाय खाली जातात, तराजूसारखं आहे ते, मग माणूस पाण्यात आडवा राहत नाही तिरपा होतो आणि तेवढं सगळं पाणी छातीनं ढकलत न्यावं लागतं. भाच्याला एकदा सांगा की वीस मीटर मान वर ठेवून जा आणि वीस मीटर मान खाली ठेवून जा, आणि कुठं जास्त दमला ते तूच सांग. आबांनी सांगायची गरज नाही आणि कोचनी पण नाही.
आता आबांचं म्हणाल तर ते पण खोटं नाही. वाइसमुलर खरोखर छाती उचलून, पाठ कमानीसारखी करून पोहायचा, त्या काळात ते लोकांना नावेसारखं वाटायचं. पण त्याला ते परवडत होतं कारण लाथा तशा होत्या, सहा फुटाच्या वर उंची, आणि पायाचा दम इतका की कंबर खाली जाऊच द्यायचा नाही. वर मान ठेवल्यानं शेजारच्या लेनमधला कुठे आहे ते दिसायचं. आणि दुसरं म्हणजे तेव्हा गॉगल नव्हते, उड्या मारून उलटे होणारे टर्न नव्हते, भिंतीला हात लावून वळायचं. सगळ्यांचंच पोहणं वेगळं होतं त्यामुळे त्यांच्यात तो सरस होता. त्याचा ५७.४ चा रेकॉर्ड दहा वर्ष टिकला, चेष्टा नाही.
पण आता बघा, त्याच पॅरिसला शंभर वर्षांनी, २०२४ मध्ये चीनच्या पान झानलेनं १०० मीटर ४६.४० मध्ये मारले. तेवढ्या वेळात आपला जॉनी ऐंशी मीटरच्या आसपास असता. आणि हो, पिक्चरमध्ये मान वर ठेवणं ही कॅमेऱ्याची गरज पण असते, तोंड दिसलं नाही तर हिरोला पैसे कशाचे द्यायचे.

मामा_तलाव:
आमी भंडाऱ्याकडचे जी, आमच्याकडे इहीर कमी आन तलाव जास्त, मालगुजारीच्या, म्हंजे जुन्या जमीनदारीच्या टायमाचे. कोचसायबाचं रेससाठी खरं हाय पन मी सांगतो मान वर ठेवून पोहणं पोट्ट्याले विसरू देऊ नका. तलावात कमळाचे येल असते, बेशरमाची झाडं असते, जाळं असते, समोर पाहून जाव लागते नाई तर अडकलास. मांगच्या पोळ्याच्या आधी आमच्या गावात एक पोरगा बुडून रायला होता, त्याले काढाले जो गेला तो मान वर ठेवूनच गेला कारण पोरगा कुठं वर येते कुठं खाली जाते ते पाहून जाव लागते, डोकं पान्यात घालून गेला असता तर बाजूनं निघून गेला असता. वाचला पोरगा, आता बकऱ्या चारते.
वरच्या भाऊनं पदकं सांगतली पन हे नाई सांगतलं का या टार्झननं आन त्याच्या भावानं १९२७ ले शिकागोच्या तलावात, तलाव म्हंजे आपल्या नजरंत मावणार नाई एवढा मिशिगन, वादळात उलटलेल्या एका लाँचमधून अकरा लोक बाहेर काढले होते. पिच्चर त्याच्या पाच वर्षानंतरचा. मंग मगरीवालं आबाले खरं वाटलं तर त्यात आबाचं काय चुकलं.

पाणबुडी_७७:
बरोबर बोललात तलाववाले. जीवरक्षकांना मान वर ठेवूनच पोहायला शिकवतात, वॉटर पोलोवाले पण तसेच पोहतात, चेंडू दिसायला हवा ना. म्हणून वाइसमुलरला दोन्ही जमायचं. फक्त भाच्याला एकाच दिवशी दोन्ही शिकवू नका. स्पर्धा होऊ द्या, मग इहिरीत आबांचं ऐका.

रानमोगरा:
सगळे भाऊ टार्झनवर अडकले म्हणून मी लिहिते. याच वाइसमुलरसोबत पाण्यातल्या एका मोठ्या शोमध्ये एक मुलगी होती, एस्थर विल्यम्स. १९३९ मध्ये अमेरिकेची १०० मीटर फ्रीस्टाइलची चॅम्पियन. ऑलिम्पिक १९४० चं होतं, तयारी झालेली, आणि महायुद्धामुळं ऑलिम्पिकच रद्द. पदक गेलं ते गेलंच. मग शो, मग सिनेमा, आणि तिच्यासाठी पाण्यातली नाचगाणी असलेले पिक्चर काढले गेले, लाखो लोक बघायचे. सगळं झुळझुळीत दिसतं पण १९५२ च्या एका पिक्चरला डोक्यावर धातूचा मुकुट घालून उंचावरून सूर मारायला लावला आणि पाण्यावर आपटताना मानेचे तीन मणके मोडले. सहा महिने प्लास्टरमध्ये. केस पाण्यात विस्कटू नयेत म्हणून तेल आणि व्हॅसलीन चोपडायचे, तेवढं मात्र आपल्या आज्ज्यांना पण जमलं असतं.
हे सांगायचं कारण असं की आमच्या गावात मी आठवीत गेले आणि विहिरीत उतरणं बंद झालं. भाऊ पोहायचे, मी काठावर कपडे सांभाळत बसायचे, आणि हो मला पोहता त्यांच्यापेक्षा बरं येत होतं. भाच्याला बहीण असेल तर तिला पण रविवारच्या एसटीत बसवा, तिकीट अर्धंच लागतं.

बोंडअळी:
ताई एक नंबर. मी दारासिंग मागे घेतो.

वावरातला_गडी:
लय आभार सगळ्याइचे. पाणबुडी भाऊनं सांगतलेलं वीस-वीस मीटरवालं काल करून पायलं, इहिरीत वीस मीटर कुठून येणार म्हणून धरणाच्या बॅकवाटरले गेलो, मी टायरची ट्यूब घेऊन बाजूले. मान वर ठेवून गेला तवा तिकडच्या काठाले जाऊन पाच मिनिट दगडावर बसला. मान खाली ठेवून गेला आन लगेच वापस बी आला. आता त्याचा तोच म्हणते मामा डोकं पान्यात. बहीण हाय त्याले, सातवीत, रानमोगरा ताईचं वाचून दाखवलं तर तिनं गॉगलचा कलर बी सांगून टाकला, आता तिच्या मायले कोण समजावते ते पाहू.
आबाले टार्झनची पदकं आन ते अकरा लोक वाचवल्याचं सांगतलं तर दिवसभर खूश, येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगून रायले का मी म्हणत होतो ना. संध्याकाळी मोबाईलवर त्या चिनी पोट्ट्याची पॅरिसवाली रेस दाखवली, डोकं कसं पान्यात हाय ते पाहा म्हटलं. चश्मा लावून पुरी पायली. मंग म्हणते, "जाते तर जोरात बुवा. पण याच्या मांगं मगर कुठं हाय?"