मदत हवी आहे: ४० किलोहर्ट्झचा अल्ट्रासॉनिक ड्रायव्हर दुपारी तापतो, मॉस्फेट उडतात

नमस्कार मंडळी,

जळगावात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करतो. सराफ बाजारातल्या कारागिरांसाठी दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन बनवायला घेतलंय. तयार मशीनचं कार्ड (आतला सर्किट बोर्ड) गेलं की ते बाहेरगावी पाठवावं लागतं आणि ऐन लग्नसराईत कारागीर अडकतो. इथल्या इथे दुरुस्त होईल असं सर्किट हवंय.

स्टीलच्या टाकीखाली ६० वॉटचे दोन लांजव्हँ ट्रान्सड्यूसर (विजेचे कंप करणारे, बोल्टने आवळलेले पिझो) इपॉक्सीने चिकटवलेत, दोन्ही पॅरलल. दोघांची मिळून कपॅसिटी मीटरवर ७.८ नॅनोफॅरड. मेन्स रेक्टिफाय करून ३२५ व्होल्ट डीसी, फ्रिक्वेन्सी बनवायला एसजी३५२५, पुढे गेट ड्रायव्हर आयआर२११०, हाफ ब्रिजमध्ये (आळीपाळीने चालू होणारे वरचा आणि खालचा असे दोन स्विच) आयआरएफ८४० मॉस्फेटची जोडी, १:१ फेराइट ट्रान्सफॉर्मर आणि तिथून थेट ट्रान्सड्यूसर.

सकाळी मशीन झकास चालतं. ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात धरली की बघता बघता भोकं पडतात. दुपारी पारा ४५ कडे गेला आणि टाकीतलं पाणीही तापलं की फॉइलवर नुसते डाग उमटतात, हीटसिंकला बोट लावता येत नाही आणि शेवटी वरचा मॉस्फेट शॉर्ट. फ्रिक्वेन्सीचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) फिरवून ३९.८ वरून ३९.३ किलोहर्ट्झच्या आसपास आणलं की जोर परत येतो, पण टिकत नाही. मोठा हीटसिंक लावू, मॉस्फेट बदलू, की मूळ डिझाइनच बदलायला हवं?

भुसावळकर:
दादा, हीटसिंकच्या मागे लागू नका. सर्किटमध्ये कॉइल कुठंय? ट्रान्सड्यूसर रेझोनन्सला (ज्या फ्रिक्वेन्सीला तो सर्वांत जोरात कंपतो) चालत असला तरी त्याची स्वतःची कपॅसिटी शेजारी पॅरलल बसलेलीच असते. हाफ ब्रिज तिला दर सायकलला भरतो आणि रिकामी करतो. ७.८ नॅनोफॅरड गुणिले ३२५ चा वर्ग गुणिले ४०,००० करून बघा, सुमारे ३३ वॉट येतात. पाण्यापर्यंत न पोचता एवढी उष्णता मॉस्फेटमध्येच मुरते, सकाळीसुद्धा. सकाळी हवा गार म्हणून निभतं. आपल्याकडच्या मे महिन्यात हीटसिंकला उष्णता सोडायला वावच उरत नाही, त्यात मॉस्फेट तापला की त्याचा ऑन रेझिस्टन्स आणखी वाढतो.

कॉइल सिरीजमध्ये घाला. कपॅसिटी कॅन्सल करायच्या नेहमीच्या सूत्राने २ मिलिहेन्री येतं, पण ते पॅरलल कॉइलचं गणित आहे आणि स्क्वेअर वेव्हचा चार्जिंगचा झटका पॅरलल कॉइल थांबवत नाही. सिरीजला २ ही वरची हद्द धरा. पाण्याने भरलेल्या टाकीत ट्रान्सड्यूसर रेझिस्टन्ससारखाही वागतो, त्यामुळे कमीच लागेल. गॅप असलेल्या फेराइटवर गुंडाळा, अर्धा, एक आणि दीड मिलिहेन्रीला टॅप (मधूनच बाहेर काढलेली तार) काढा. स्कोपवर करंट व्होल्टेजच्या किंचित मागे दिसला की तो टॅप बरोबर. करंट पुढे गेला तर मॉस्फेटच्या आतला बॉडी डायोड हार्ड रिकव्हरीत सापडतो, म्हणजे तो बंद व्हायच्या आतच समोरचा मॉस्फेट चालू होऊन करंटचा झटका बसतो, आणि ८४० चा डायोड चांगलाच मंद आहे. तुमचे मॉस्फेट उडण्यात त्याचाही हात असावा.

धुळेकर:
कॉइलबद्दल सहमत. पण ३९.८ ते ३९.३ ची गोष्ट वेगळी. ट्रान्सड्यूसर आणि पाणी तापलं की रेझोनन्स खाली सरकतो. हाताने पॉट किती वेळा फिरवणार? करंट मोजायला करंट ट्रान्सफॉर्मर बसवा आणि सीडी४०४६ या आयसीने फेज लॉक करा, म्हणजे फ्रिक्वेन्सी आपोआप रेझोनन्सच्या मागे जाईल. अल्ट्रासॉनिक वेल्डिंगच्या हॉर्नला (कंप पोचवणाऱ्या धातूच्या दांड्याला) तसं लागतंच. धुण्याच्या टाकीला मात्र ५०० हर्ट्झ खालीवर होणारा स्वीपही चालतो, उलट उभ्या लहरींमुळे काही जागी दागिना नीट धुतला जात नाही, तेही कमी होतं. सुरुवात वरच्या फ्रिक्वेन्सीपासून करून खाली या. टाकीला पक्कं अर्थिंग द्या, कारागिराचे हात पाण्यात असतात. आणि रिकामी टाकी कधीच चालवू नका.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. ३३ वॉटचा हिशेब बघून डोळे उघडले. आणखी एक, भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्याला पीव्हीसी पाइपची जाडी मोजायला ५ मेगाहर्ट्झचा प्रोब चालवायचाय. हेच कार्ड चालेल का?

भुसावळकर:
नाही चालणार. तिथे सलग ताकद नको, आखूड पल्स हवा. ५ मेगाहर्ट्झला अर्धी सायकल ०.१ मायक्रोसेकंदाची, आणि आयआर२११० चा नुसता चालू व्हायचा डिलेच त्याहून जास्त. ६ मिलिमीटर पाइपमधून आवाज जाऊन परत यायला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात ट्रान्समिटर शांत व्हायला पाहिजे. इमेजिंगचे प्रोब मागून डॅम्प केलेले (कंप लगेच विरावा असे) असतात ते यासाठीच. एमडी१२१३ ड्रायव्हर आणि टीसी६३२० ही मॉस्फेटची जोडी वापरायला सांगा. रिसीव्हरच्या आधी टी/आर स्विच (पल्स पाठवताना रिसीव्हरला वाचवणारा) नसला तर पहिल्याच पल्सला प्रीॲम्प जाईल. भाच्याचा वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

आणि हो दादा, कॉइल बसवून पहिल्यांदा सुरू करताना मेन्समध्ये १०० वॉटचा बल्ब सिरीजला ठेवा, काही चुकलं तर करंट तिथेच अडेल.